काका, तुम्ही जा बरं

विमा विकता विकता त्याला जिथे तिथे अपघातच दिसू लागले होते. पाच वर्षांच्या लेकीला, म्हणजे भिंगरीला, त्याने अक्षरओळखीआधी संकटओळख करून दिली. गॅसला हात लावायचा नाही. धूर दिसला की अग्निशमन दलाला फोन. आणि गुप्त शब्द ऐकल्याशिवाय दार उघडायचं नाही, मग बाहेरचा माणूस हुबेहूब बाबांच्या आवाजात का बोलेना!

बायको म्हणायची, "अहो, पोरगी आहे ती, तिजोरी नाही." पण ऐकेल तो विमा एजंट कसला!

त्या रविवारी बायको कामावर होती. याने अंडी उकडायला ठेवली, अंघोळ उरकली आणि तो टॉवेलवरच कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला गेला. वाऱ्याने दार धाडकन लागलं.

"भिंगरे, दार उघड गं."

आतून बारीक आवाज आला, "गुप्त शब्द?"

"हत्ती."

"तो जुना झाला."

अधूनमधून शब्द बदलायचा, हा नियमही त्याचाच. नवा शब्द पोरीने सांगितला तेव्हा हे महाशय मोबाइलमध्ये डोकं खुपसून नुसतं हूं हूं करत होते. आता त्याने घोडा, उंट, मगर असं अख्खं प्राणिसंग्रहालय दारापुढे उभं केलं.

"काका, तुम्ही जा बरं. माझे बाबा आले ना, तर मारतील तुम्हाला."

"अगं, मीच तुझा बाप!"

"चोर असंच म्हणतात. बाबांनी सांगितलंय."

तेवढ्यात आत फाटकन अंडं फुटलं. पातेल्यातलं पाणी आटलं होतं. करपट वास दारातून बाहेर आला.

"गॅस बंद कर आधी!"

"गॅसला हात लावायचा नाही." मग एकदम, "अय्या, धूर!" आणि पावलं फोनकडे पळाली.

बंब घणघणत आला. जिना चढून आलेल्या मिशाळ जवानाने टॉवेलधारी बापाला आपादमस्तक न्याहाळलं आणि दार ठोठावलं.

"गुप्त शब्द?"

जवानाने बापाकडे पाहिलं. बापाने जमिनीकडे पाहिलं.

शेवटी शिडी लावून जवान खिडकीशी पोचला, तर भिंगरीने हसत हसत खिडकी सताड उघडली. "या ना, काका!" खिडकीबद्दल तिला कोणी काही बोललंच नव्हतं. जवानाने गॅस बंद केला आणि आतून दार उघडलं.

"पोरगी तयार आहे हो," तो मिशीत हसला. "तेवढं खिडकीचं बघा."

बाप आत धावला. लेकीला उचलून त्याने छातीशी घट्ट धरलं.

"बाबा, कुठे होतास? एक चोर आला होता."

"कसा होता गं?"

"रडका."

त्याने विजार चढवली आणि छताला चिकटलेलं अंडं खरवडायला तो स्टुलावर चढला. भिंगरीने खालून दोन्ही हातांनी स्टूल गच्च धरून ठेवलं.