लांब वायरीची इस्त्री

मित्रांनो, मला जुनी म्हणा, जड म्हणा, पण गरीब बिचारी म्हणू नका. मी इस्त्री आहे आणि मी तापट आहे. तापले नाही तर माझा उपयोग तो काय? माझ्या उजव्या कडेचा टवका उडालेला आहे. तो कसा उडाला, ते आज सांगणार आहे. सांगताना मला लाज वाटणार आहे, तरी सांगणार आहे.

माझा जन्मच मारझोडीतला. कारखान्यात मला वितळवलं, साच्यात ओतलं, हातोड्याने ठोकलं आणि मग फिरत्या चाकावर माझं पोट असं घासलं की ठिणग्या उडाल्या. बाई गं, दुखतंय का, असं कुणी विचारलं नाही. तिथून मी एका लाँड्रीत आले. लाँड्रीवाले आजोबा तेव्हा आजोबा नव्हते, चांगले दणकट गडी होते. दिवसाला शंभर कपडे माझ्याखालून काढायचे. मी धाडधाड आदळायचे, सुरकुत्यांचा जीव घ्यायचे. पण आजोबांचा एक नेम होता. मी हातात असताना ते कुणाशी बोलत नसत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, आधी मला उभी करायचे, मुठीवरचा हात काढायचे, मगच तोंड उघडायचे. लोक त्यांना घुम्या म्हणत. वीस वर्षांत त्या टेबलापाशी कुणाला साधा चटकासुद्धा बसला नाही.

गुडघे गेले तेव्हा त्यांनी लाँड्री बंद केली आणि मला लेकीकडे पाठवलं.

लेक बस कंडक्टर. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातून महिनाभर घरी. बाकीचे दिवस घरात ती आणि तिची नऊ वर्षांची मुलगी. मुलीला सगळे बारकी म्हणायचे. दिवसभर बसमध्ये हुज्जत घालून बाई घरी यायची ती भांडणाच्याच तयारीत. भांडी आदळायची, कपाटाचं दार लाथेने लावायची, फरशीवर झाडू असा हाणायची की फरशीने काही गुन्हा केला असावा. आणि सगळी कामं एकदम! दूध गॅसवर, कपडे बादलीत, फोन कानाला, पायाखाली फडकं. एकही काम धड व्हायचं नाही. दूध उतू गेलं की राग, कपड्यांचा साबण निघाला नाही की राग, आणि तो सगळा राग बारकीच्या पाठीवर निघायचा. उलथनं, पट्टी, चप्पल, जे हाताला लागेल ते.

त्यातच तिने एक करामत केली. इस्त्री करताना स्वयंपाक अडतो, म्हणजे तेवढा वेळ फुकट गेला, असं तिच्या मनाने घेतलं. माझी वायर तोडून तिने तिला दुसरी लांबलचक वायर जोडली, वर काळी पट्टी गुंडाळली आणि माझं टेबल थेट ओट्याला भिडवलं. उजव्या हातात मी, डाव्या हातात पळी. शेजारणी बघायला आल्या आणि त्यांनी तोंडात बोटं घातली. मीसुद्धा फुशारले, खोटं कशाला बोलू?

मग ती संध्याकाळ आली. माझ्याखाली बाईचा खाकी शर्ट होता. गॅसवर भाजी होती. खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन होता आणि त्यातून डेपोतले साहेब तिला झापत होते. बारकी वहीवर सही घ्यायला धावत आली. तिचा पाय वायरीत अडकला. मला असा हिसका बसला की मी बाईच्या हातून निसटले आणि शर्टावर पालथी पडले. फोन भाजीत पडला. शर्टातून धूर निघाला.

बाईने मला उचललं आणि तोच हात बारकीवर उगारला. हातात मी आहे, हे तिच्या ध्यानातच नव्हतं. माझ्या मात्र होतं, पण मला थांबता येत नाही. बारकीने तोंडापुढे हात धरला. मी त्या हातावर बसले. तिथून दाराच्या चौकटीवर आपटले आणि माझा टवका उडाला. कातडी जळल्याचा वास घरभर पसरला. एवढे कपडे जाळले असतील मी, पण तसा वास कधी आला नव्हता.

पुढचं मी बाईच्याच तोंडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी आजोबा आले तेव्हा ती त्यांना सांगत होती. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं भाजलं? बारकी म्हणाली, मीच धडकले. घरी आल्यावर बाईने स्वतःच्या थोबाडीत फडाफड मारून घेतल्या, तर बारकी घाबरून पलंगाखाली शिरली आणि सकाळपर्यंत बाहेर आली नाही.

आजोबांनी पक्कड मागितली आणि माझी जोडलेली वायर कचकन तोडली. उरलेल्या तुकड्याला प्लग लावला. बाई चवताळली. मग इस्त्री कधी करू, स्वयंपाक कधी करू, मला काय दहा हात आहेत का, असं बरंच बोलली.

"एका वेळी एक कपडा," आजोबा म्हणाले. "बाकी जळतंय ते जळू दे. पोरगी नको जळायला."

त्या दिवसापासून गॅस बंद, फोन दुसऱ्या खोलीत आणि मी प्लगापाशी. पहिले काही दिवस काय हाल झाले माझे! बाई दात खाऊन मला कपड्यांवर आपटायची. कॉलर अशी दाबायची की आत कुणाची मान असती तर मोडली असती. पण सुरकुती मारून जात नाही, मित्रांनो. पाणी शिंपडावं लागतं. थांबावं लागतं. हाताने कापड सारखं करून टोकाकडून मध्यावर यावं लागतं. हळूहळू तिची मूठ सैल झाली. एका दुपारी फोन वाजत राहिला आणि ती एक बाही संपवत राहिली. चर्र असा माझा आवाज आणि तिचा श्वास, एवढंच त्या खोलीत ऐकू येत होतं. तिला बरं वाटत होतं, मला कळत होतं.

बारकीला मात्र काही बरं वाटत नव्हतं. मी गरम असले की ती खोलीत पाऊल टाकत नसे. दारात उभी राहायची, हात पाठीमागे लपवून. आईने हाक मारली तरी तिथूनच उत्तर द्यायची. बाईने दोनदा जवळ बोलावलं, आणि दोन्ही वेळा बारकी पळून गेली.

एका रविवारी दुपारी ती आपणहून आत आली.

"मला करू दे," ती म्हणाली.

"भाजेल गं."

"मला माहितीये कसं भाजतं. तू दारात उभी राहा."

बाईचा चेहरा पांढरा पडला. तिने मला उभं केलं आणि ती मुकाट्याने दारात गेली. बारकीने मला उचललं. मला मुठी ओळखता येतात. त्या चिमुकल्या मुठीत भयंकर राग होता. तिने उशीच्या अभ्र्यावर मला एकदा आपटलं, दोनदा आपटलं. तिसऱ्यांदा इतकं आपटलं की टेबल हललं. बाई दारात दचकली आणि तिचा हात आपोआप तोंडापुढे आला. बारकीने ते पाहिलं. मग तिने पाणी शिंपडलं, अभ्रा हाताने सारखा केला आणि एका टोकापासून सावकाश मला फिरवायला लागली. अभ्रा संपल्यावर तिने मला उभं केलं, हात काढला, प्लग उपटला.

"आता ये," ती म्हणाली.

बाई आली आणि तिच्यापुढे गुडघ्यांवर बसून ढसाढसा रडली. बारकी रडली नाही. पण मागेही सरली नाही.

मित्रांनो, मला लांब वायर लावू नका. हातात काम असेल तर ते काम करा, आणि कुणी हाक मारली तर आधी ते खाली ठेवून हात मोकळा करा. बारकीच्या हातावर माझी खूण अजून आहे. कितीदा ती मला उचलते, पण त्या खुणेकडे बघायचं मला धाडस होत नाही. काम झालं की ती मला गार होऊ देते आणि मऊ फडक्याने पुसून ठेवते.