शंभर टक्क्यांचा हट्ट

बहिणीचं विमान सुटायला तीनच तास होते, आणि मग ती पाच वर्षं दिसणार नव्हती. दादाच्या गाडीत नऊ टक्के चार्ज उरला होता, आणि एकुलत्या एका चार्जरला कुणाची तरी पांढरी गाडी चिकटली होती. पडद्यावर आकडा होता चौऱ्याण्णव. तिचे मालक गाडीतच पेपर वाचत बसले होते.

"काका, ऐंशीच्या पुढे हे मशीन मुंगीच्या पावलांनी चालतं. सोडा की आता."

"अर्धपोटी पानावरून उठायची आम्हाला सवय नाही."

"चौऱ्याण्णव म्हणजे अर्धपोटी?"

काकांनी काच वर केली.

त्या काचेनं दादाचं डोकं फिरलं. तरातरा जाऊन त्यानं चार्जरचं लाल बटण दाबलं. गाडी सुटली, पण चार्जर पुन्हा सुरू होईना. मदतीच्या नंबरवरची बाई म्हणाली, "ते आणीबाणीचं बटण आहे. आमचा माणूस येऊनच सुरू करेल. चार तास लागतील."

फोन ठेवतो तोच बहिणीचा आला. "दादा, कुठवर आलास?"

काकांनी काच खाली करून सगळं ऐकलं होतं.

"बसा, सोडतो विमानतळावर," ते म्हणाले. "चौऱ्याण्णव पुरतील ना तुम्हाला?"

दादा दात-ओठ खात आत बसला आणि त्यानं दार धाडकन आपटलं.