मापाच्या चकतीला ओल लागली

मित्रांनो, मी एक जुनी प्लास्टिकची चकती आहे. बाटलीच्या झाकणाएवढी, पण दोन्ही अंगांवर सोन्याचा पातळ मुलामा; त्यामुळे जरा तोरा मिरवते.

प्रयोगशाळेतली यंत्रं सांभाळणाऱ्या काकांनी मला घडवलं. माझ्या अंगात रेणूंच्या लांबच लांब साखळ्या गुंतल्या आहेत. विजेचा दाब पडला की त्यांची लहान टोकं कूस बदलतात, दाब गेला की सावकाश जागेवर येतात. थंडीत कुरकुरत, उबेत चटकन. मोजणारं यंत्र त्या हालचालीची रेघ पडद्यावर काढतं. रोज सकाळी काका आधी मला मोजायचे. माझी रेघ नेहमीसारखी आली, म्हणजे यंत्र ठीक. "म्हातारी खोटं बोलत नाही," असं ते कौतुकानं सांगायचे.

मग नवं यंत्र आलं. ते म्हणे स्वतःच स्वतःला तपासतं! माझी रवानगी खणात झाली. चार वर्षं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. वाईट वाटलं, लपवू कशाला?

एका दुपारी संशोधक ताई धावत आली. तिनं बनवलेल्या नव्या प्लास्टिकच्या रेघेत एक उंचवटा आला होता, आजवर कुणाला न दिसलेला. तिची पाच वर्षांची मेहनत त्यावर उभी होती आणि संध्याकाळी शोधनिबंध पाठवायचा होता.

"काका, बघा ना!"

"झकास! पण आधी म्हातारीला लाव."

"आत्ता? घाई आहे हो, काका."

"म्हणूनच म्हणतोय."

नाक मुरडत तिनं मला लावलं. माझ्याही रेघेत तोच उंचवटा! म्हणजे तो तिच्या प्लास्टिकचा नव्हताच. काकांनी तिचा नमुन्यांचा डबा उघडला. ओल शोषणारे निळे मणी ओलीनं भरून कधीच गुलाबी झाले होते; ते बदलायचं तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. उंचवटा पाण्याचा होता. मीही खणात ओल पिऊन बसले होते.

निबंध थांबला. तिची चकती आणि मी, दोघी दोन दिवस ओव्हनमध्ये वाळलो. माझी रेघ पूर्वीसारखी आली. मग तिची चकती लागली. ताई पडद्याकडे बघेचना. मोठा उंचवटा गेला होता, पण त्याच्या आड दडलेला एक बारका तिथं ठाम उभा होता. माझ्याकडे तसा कधीच नव्हता.

"डोळे उघड, पोरी," काका म्हणाले. "हा तुझा."

आता माझा मुक्काम यंत्राशेजारी, ताज्या निळ्या मण्यांत असतो. मी सुखात आहे. मित्रांनो, मागणं एवढंच: मणी गुलाबी झाले की बदला, आणि ज्या दिवशी फार घाई असेल, त्या दिवशी आधी मला विचारा.