पंच्याहत्तर मीटरच्या आत

नवरा गेला तेव्हा सुगंधाबाईनं दुकानासमोरच्या लिंबाखाली एक दगड रोवला. त्यांच्याकडची रीतच तशी. मेंढपाळ मेला की कळपाच्या वाटेवर त्याचा दगड उभा करायचा. कळप तर दुष्काळात विकला होता. वाट म्हणायला मुकुंदवाडीची ही गल्ली उरलेली, आणि गल्लीत मेंढ्यांच्या पैशातून उभं केलेलं भांगेचं सरकारमान्य दुकान. म्हणून दगड तिथं.

दुकानापासून दगड: अकरा पावलं.

दर अवसेला ती दगडाला टेकून बसायची आणि घरातलं सगळं त्याला सांगायची.

पुढं पुन्हा पाऊस रुसला. आठ दिवस टँकर फिरकला नाही. शेजारच्या द्वारकाबाईनं वैतागून रिकामा हंडा दगडापुढं आदळला. "बाबा, आण की रं पाणी!"

दुसऱ्या दिवशी टँकर आला.

द्वारकाबाईनं दगडाला शेंदूर फासला, नारळ फोडला. सुगंधाबाईनं तेव्हाच सांगायचं, की बाई, हा देव नाय, माझा मालक हाय. नाही सांगितलं. ज्याला जन्मात कुणी 'बसा' म्हटलं नाही, त्याच्या पाया अख्खी गल्ली पडत होती. तिला बरं वाटलं.

चूक एवढीच.

मग गल्लीच्या टोकाला सहा मजली इमारत झाली. नव्या लोकांच्या डोळ्यांत भांगेचं दुकान खुपलं. दुकान हटवा म्हणून अर्ज गेला. परवान्याचं नूतनीकरण तोंडावर असताना महापालिकेचे मोजणीवाले नानासाहेब फीत घेऊन आले. दुसरं टोक त्यांनी बिरूच्या हातात दिलं. बिरू सुगंधाबाईचा लेक. दुकान तोच चालवायचा, दोन लेकरांची शाळा त्यावरच.

दुकानापासून देऊळ: सात मीटर साठ.

"मावशी, देवळापासून पंच्याहत्तर मीटरच्या आत परवाना नाय."

"देऊळ कुठंय, साहेब?" बिरू म्हणाला. "बाप हाय तो माझा. जित्तेपणी घर चालवलं, आता मरून बंद करतो व्हय?"

नानासाहेब हसले. मग हसले नाहीत.

"तसं लिहून द्या. देव नाय, घरगुती दगड. परवाना वाचंल."

"अन् दगड?" सुगंधाबाईनं विचारलं.

"घरगुती दगड सरकारी रस्त्यावर म्हणजे अतिक्रमण. गाडी उचलून नेईल."

"कुठं?"

"रस्त्याच्या भरावात टाकतात, मावशी."

बिरूनं आईकडं पाहिलं. "माय, दगडच हाय. दुसरा रोवू घरात."

"बाप दुसरा आणशील?"

"लेकरांकडं बघ की जरा!"

ती लेकरांकडं बघत नव्हती. नानासाहेबांनी गुडघ्यावर कागद धरला.

सदर दगड देव आहे काय?

—

सदर दगड देव आहे काय, मावशी?

— व्हय.

कोणता देव?

— लिवा कोणता बी.

बिरूनं हातातलं टोक सोडलं. फीत सळसळत नानासाहेबांकडं पळाली. सुगंधाबाईनं अंगठा दिला.

दुकानाला कुलूप लागलं. बिरू शेंद्र्याला, कंपनीत माल चढवायला जाऊ लागला. आईशी बोलेना. ताट समोर आलं की जेवायचा, उठायचा.

इमारतवाल्यांनी देवाची कमिटी केली. फरशी, स्टीलची जाळी, पुजारी, बायकांची वेगळी रांग. दगडाला हात लावायचा फक्त पुजाऱ्यानं.

अवसेला सुगंधाबाई रांगेत उभी राहिली. पुढं तीसेक बायका. सांगायचं खूप साठलं होतं: धाकट्याचा दात पडला, सून माहेरी जाऊन बसली, बिरूच्या खांद्याची सालं निघाली. जाळीपुढं उभं राहायला मिळणार किती, तर दोन श्वास. तेवढ्यात एकच बसेल. ती निवडत निवडत पुढं सरकली.

जाळीशी पोचली. वाकली.

"अहो, बिरू माझ्याशी…"

"आटपा मावशी," पुजारी म्हणाला, "देवापुढं मनातल्या मनात मागायचं असतं."

"मागत नाय मी," ती म्हणाली.

तोवर मागच्या बाईनं हात जोडले होते. सुगंधाबाई बाजूला झाली.