खाडीचं माहेर

"मी आता एक पाऊल टाकणार नाय," म्हणत सगुणानं बदलापूरच्या पुढं नदीकाठच्या कातळावर बसकण मारली. "तुमाला जायचं तं जावा."

गुणाजी तिच्या शेजारी टेकला. त्याच्याही पायांना फोड आलेले. डोंबिवलीच्या मोठागावातला हा कोळी. जन्म खाडीत जाळी टाकण्यात गेलेला. ८९ सालच्या पावसाळ्यानंतर एका सकाळी खाडीभर मासे पोट वर करून तरंगताना दिसले, आणि त्यानं जाळं गुंडाळून माळ्यावर टाकलं. मग रिकामा माणूस धक्क्यावर बसून पाण्याकडं बघत राही. भरती समुद्राकडून येते हे त्याला ठाऊक होतं. पण वरून नदीतून खाडीत येणारं पाणी निघतं कुठून, ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. "खाडीबाय आजारी पडली तं तिच्या म्हायेरी जाया नको?" म्हणाला, आणि ऐन थंडीत भाकऱ्या बांधून काठाकाठानं चालत सुटला. एकट्याला कसं सोडायचं, म्हणून सगुणाही निघाली होती.

"लोकं हसतात. म्हातारपनी येड लागलं म्हनतात," ती करवादली. "अजून किती हाय?"

"मना काय ठाव? लांबचा इचार केला का पाय गळतात. ते समोरचं वळान दिसतंय ना? त्याच्या पल्याड काय आसल, सांग."

"दगड! दुसरं काय?"

"मी म्हनतो, डोह आसल. लाव पैज."

सगुणा तोंड वाकडं करून उठली. वळणापलीकडं ना दगड, ना डोह; उथळ पाण्यात एक बाई म्हैस धूत होती. दोघंही हरली. पुढच्या वळणाआधी मात्र सगुणानंच विचारलं, "आता बोला, काय आसल?"

कर्जत मागं पडलं. नदीचा ओढा झाला, मग दगडांतून झिरपणारी नुसती धार. राजमाचीखालच्या रानात एक ठाकर बाई हंडा भरत होती.

"कुनाकडं आलाव?" तिनं विचारलं.

"हिच्याकडं," गुणाजीनं पाण्याकडं बोट दाखवलं. "कुठून सुरू होते ही?"

बाई हसली. "थोडी या कातळातून, थोडी त्या झाडाखालून. तिची एक जागा नाय."

गुणाजी खाली वाकला. पाण्यात बोटाएवढे मासे पळत होते.

"जिती हायत गं," तो हळूच म्हणाला.

मग त्यानं ओंजळ भरली. आयुष्यभर हिनंच पोटाला घातलं. पण खाली ती खारी, म्हणून तिचं पाणी कधी तोंडात घेतलं नव्हतं. तो प्यायला. पुन्हा ओंजळ भरून त्यानं सगुणापुढं धरली. पाणी सांडू नये म्हणून तिनं त्याच्या हातांखाली आपले हात लावले.