आधी आणि नंतर

ताईने बादलीत चहाचा चोथा, कुंडीतली माती आणि सडके टोमॅटो कालवले, नाक मुरडलं आणि ते सगळं पांढऱ्याशुभ्र फरशीवर भिरकावलं. थप्प! एक टोमॅटो भिंतीला चिकटला आणि तिथून सावकाश, मजेत खाली घसरत आला.

"शी! ताई, काय करतेयस तू?"

"ओरडू नकोस, भोंगा. दारात थांब, कोणी येतंय का बघ."

भोंगा दारात जाऊन उभी राहिली. घरी, शाळेत, सगळीकडे तिला याच नावाने हाक मारत, आणि आवाजही तसाच होता. पण आत्ता तोंड उघडायची सोय नव्हती. उघडलं की वास आत शिरत होता.

बाजारातलं हे बायकांचं स्वच्छतागृह. मागच्या वर्षापर्यंत इथे पाय ठेवायची कोणाची छाती नव्हती. ताईने भाजीवाल्या काकूंना आणि फुलवाल्या मावशींना गोळा केलं, नळ बसवून घेतला, दाराला कडी लावली, धुण्याचे वार ठरवून दिले. ते सगळं खरं होतं. खोटी होती ती फक्त आजची बादली.

आणि ती होती फेलोशिपसाठी. समाजात बदल घडवू पाहणाऱ्या एकेकट्या माणसाला वर्षभर पगार मिळणार होता. मिळाला, तर ताई आणखी चार बाजारांत हेच काम करणार. नाही मिळाला, तर पुढच्या महिन्यापासून मामाच्या ऑफिसात बसून बिलं फाडणार. अर्जाची मुदत आज दुपारी संपत होती. अर्जाच्या शेवटी फोटोंसाठी दोन चौकटी होत्या: 'आधी' आणि 'नंतर'. 'नंतर'साठीचा फोटो ताईने सकाळी आल्या आल्या काढला होता, अगदी झकास. 'आधी'चा नव्हताच.

"तेव्हाच काढून ठेवायचास ना."

"तेव्हा दोन्ही हात घाणीत होते. कशाने काढणार होते, पायाने?" ताई गुडघ्यांवर बसली आणि नळाच्या तोटीला बोटाने चिखल फासू लागली, केक सजवावा तशा निगुतीने. "फेलोशिपवाल्या सरांना फोन केला होता मी. म्हणाले, बदल डोळ्यांना दिसला पाहिजे."

"अगं, पण हे..."

"याहून वाईट होतं इथे. मी काही खोटं दाखवत नाहीये."

भोंग्याने ओढणी नाकावर घट्ट दाबली, मान फिरवली, आणि दाराकडे लक्ष ठेवायचं राहूनच गेलं.

"अगं बाई! कोणी केलं गं हे?"

भाजीवाल्या काकू हातात खराटा घेऊन उभ्या होत्या. आज त्यांचा वार होता.

ताई उठली. तिने हात पाठीमागे नेले.

"काय माहीत, काकू. लोकांना काही वाटतच नाही."

"हात झडो मेल्याचे!" काकू कडाडल्या. "खातात काय आणि करतात काय! तू हो बाजूला, पोरी. तू नको हात लावूस. आमच्यासाठी कमी केलंयस का?"

ताई बाजूला झाली. काकूंनी बाह्या सारल्या, उकिडव्या बसल्या आणि लगद्यात खराटा घातला. तेवढ्यात ताईने फोन वर धरला.

"काकू, एक मिनिट. जरा इकडे बघा. हसू नका हं."

"हसू? मला इथे रडू येतंय."

"हां, तसंच! तसंच राहा."

भोंग्याने नाकावरची ओढणी काढली. आता ती असली काय नि नसली काय.

बाहेर दुसऱ्या नळावर ताई कोपरापर्यंत साबण चोळत होती. "फोन घे. माझे हात ओले आहेत. बाकी सगळं भरलंय, फक्त फोटो टाक आणि पाठव. आवर, मुदत संपतेय."

भोंग्याने फोन घेतला. दोन्ही फोटो काढले होते त्याच क्रमाने शेजारी शेजारी होते. सकाळची पांढरी फरशी. मग लगदा, खराटा आणि काकूंचा चेहरा. अंगठा थोडा वेळ वरच थांबला. मग तिने पांढरी फरशी पहिल्या चौकटीत ठेवली आणि काकूंना दुसऱ्या.

"टाकलेस?"

"हो."

"नीट बघितलंस ना? उलटसुलट नाही ना झालं?"

"नाही." भोंग्याने 'पाठवा'वर बोट दाबलं. "आधीचा आधी, नंतरचा नंतर."

ताईने सुटकेचा श्वास सोडला. मग बोटं नाकाशी नेऊन हुंगली, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा साबण घेतला.