गाडी खुंट्या पाडते

"लाईट गेली, की गाडी खुंट्या पाडती," भागूबाई म्हणाल्या, तेव्हा विल्सन उजगरेंनी मान डोलावली आणि वहीत 'दिवे तपासणे' असं लिहून घेतलं. खुंट्यांचं त्यांना काही कळलं नाही. विचारायला हवं होतं. पण ऐंशीच्या पुढच्या बाईला पुन्हा पुन्हा काय विचारायचं, असं त्यांना वाटलं. आणि आपल्याला कळलं नाही हे चारचौघांत कबूल करायची त्यांना शाळेपासूनच भीती.

विल्सन सर एकतीस वर्षं आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवून निवृत्त झाले होते. बेलापुरात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते आता गाड्यांच्या वायरिंगची कामं करत. इतरांनी हात टेकलेल्या गाड्या त्यांच्याकडे येत, कारण ते अंदाजाने वायर कापत नसत. आधी नकाशा मिळवायचे, दोन दिवस वाचायचे, मगच मीटर हातात घ्यायचे. तरीही प्रत्येक गाडीचं बोनेट उघडण्याआधी ते मीटर दोनदा तपासून घ्यायचे. आज आपल्या हातून काहीतरी बिघडणार, हे ते रोज धरूनच चालत.

ही गाडी भागूबाईंच्या मुलाची, कल्याणरावांची. देवळाली प्रवऱ्याचे बागायतदार. पुण्याहून बावीस वर्षं जुनी, काळी, लांबलचक जर्मन गाडी हौसेनं घेऊन आले होते.

"गाडी न्हाई सर, राजवाडा हाय," ते म्हणाले. "फक्त राजवाड्याचा पंखा मधीच बंद पडतो. उद्या आईला नगरला हार्टच्या डॉक्टरला दाखवायचंय. ऊन लागू देऊ नका म्हनलेत. आज एसी झालाच पायजे."

सरांनी गॅसचं प्रेशर पाहिलं, ठीक होतं. कॉम्प्रेसरचा क्लच धरत होता. फ्यूज शाबूत, रिले बदलून पाहिले. भागूबाईंनी सांगितलं म्हणून पुढचे-मागचे सगळे दिवेही तपासले. एकूण एक लागत होते. दोष सापडेना. तो येतो तेव्हाच त्याला पकडायचा, हाच मार्ग उरला.

"गाडी उन्हात लावा," सर म्हणाले. "सावलीत एसी खोटं बोलतो. उन्हात अर्धा तास चालवू, बंद पडला की मी मीटर लावतो."

मे महिन्यातली दुपारची दीडची वेळ. कडुनिंबाची सावली पाच पावलांवर होती, ती सोडून गाडी मोकळ्या अंगणात उभी राहिली. भागूबाई मागच्या सीटवरून उतरायला तयार नव्हत्या. "आत गार वाटतंय रे. मास्तर काम करतील तवर मी पडते जरा."

"झोप तू," कल्याणराव म्हणाले. "सर, तुमची स्कूटर घेतो. पंपाची मोटार वाइंडिंगला टाकलीय, घिऊन येतो." आणि ते गेले.

सर बोनेटमध्ये वाकले. इंजिन एका लयीत घुमत होतं. वीस मिनिटं झाली, बावीस झाली. तेविसाव्या मिनिटाला इंजिन एकदम मेलं. खरखर नाही, आचका नाही, काही नाही. आणि त्याच क्षणी चारी दारांतून एक आवाज आला: ठक्क.

सरांनी डोकं वर काढलं. 'लाईट गेली.' त्यांच्या मनात भागूबाईंचाच शब्द आला. अरे देवा. गावाकडं दिवा गेला तरी लाईट, वीज गेली तरी लाईट. म्हातारी हेडलाईटचं बोलतच नव्हती. गाडीतली सगळी वीज जात होती, एसी त्यात नुसता फुकट बदनाम झाला होता. हे आपल्याला आत्ता कळतंय!

ते घाईघाईनं ड्रायव्हरच्या दाराशी गेले आणि हँडल ओढलं. दार उघडेना. मागचं ओढलं. तेही नाही. चारही दारं पाहिली. किल्ली आत, स्टीअरिंगपाशी लोंबकळत होती. बॅटरी डिकीत, आणि डिकीचंही कुलूप विजेचंच. बोनेटखालून वीज द्यायला दुसरी बॅटरी हवी. त्यांची स्वतःची त्यांनी सकाळीच गावात चार्जिंगला दिलेली. खिशातला मोबाईल काढून त्यांनी कल्याणरावांना लावला. रिंग वाजली ती गाडीतच. पुढच्या सीटवर त्यांचा फोन उजळून थरथरत होता.

त्या रिंगनं भागूबाई जाग्या झाल्या. आधी त्यांनी पदरानं वारा घेतला. मग दाराचं हँडल ओढलं. नातवंडं चालत्या गाडीत दार उघडतात म्हणून मागच्या दारांना चाइल्ड लॉक लावलेला, आतून ती उघडणार नव्हती. पुढच्या सीटांच्या मधून पलीकडे जाणं त्या गुडघ्यांना शक्य नव्हतं.

सरांनी पत्र्यावर हात टेकला आणि चटका बसून मागे घेतला. बाहेर हे असं, तर आत काय होईल? पाच मिनिटं? दहा? त्यांनी कुठंतरी आकडे वाचले होते, पण आता एकही आठवेना. फक्त हार्टचे डॉक्टर आठवत होते.

"मावशी!" ते ओरडले. "लॉक वर करा! लॉक!"

काच दुहेरी होती. आतून विहिरीतून यावा तसा आवाज आला, "काय म्हनता?"

"लॉक! बटन! बटन वर करा!"

भागूबाईंनी बटन ऐकलं. त्यांनी काच खाली करायचं बटन शोधलं आणि दाबत राहिल्या. एकदा, दोनदा, दहादा. वीज नसताना ती काच कशी हलणार? त्यांच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकावर ओघळलं होतं.

"अहो, काय झालं?" सरांच्या पत्नी हन्नाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्यांना एका नजरेत कळलं. "अहो, काच फोडा ना! वाचताय काय नुसतं?"

ते खरंच वाचत होते. हातातल्या नकाशात दारांच्या कुलपांची वायर शोधत होते. लाजेनं कागद टाकून त्यांनी हातोडा आणला. तरी क्षणभर हात थांबला. कल्याणरावांचा राजवाडा. मग डोळे मिटून त्यांनी भागूबाईंपासून लांबच्या, पलीकडच्या मागच्या काचेवर घाव घातला. काच फुटली नाही. तिच्यावर पांढरी जाळी पसरली. दुसरा घाव घातला, जाळी दाट झाली. तिसऱ्याला हातोड्याचा दांडा घामानं सटकून हातोडा मातीत पडला. आता त्या काचेतून आतलं काही दिसतही नव्हतं.

"दिसत नाहीत त्या," सर म्हणाले. त्यांना स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही.

ते धावत अलीकडे आले. भागूबाई सीटवर कलल्या होत्या. तोंड उघडं होतं, नजर मात्र त्यांच्याकडेच. त्या नजरेत राग नव्हता, हेच सरांना सहन होईना. हन्नाबाई मोठ्यानं प्रार्थना म्हणत बादलीतलं पाणी काचांवर, टपावर ओतत होत्या. टपावरचं पाणी बघता बघता सुकत होतं.

आणि त्या ओल्या काचेलगत, आतल्या बाजूला, सरांना ते दिसलं. दाराच्या कडेतून दोन बोटं वर असते ती कुलपाची छोटी काळी दांडी पार आत बुडाली होती. नुसतं टोक दिसत होतं. चारही दारांत तसंच. वीज जाता जाता गाडीनं आपण होऊन त्या खाली ओढल्या होत्या.

गाडी खुंट्या पाडती.

त्यांनी दाराच्या फटीतल्या रबराला तोंड लावलं. ओठ भाजले. "मावशी! खुंटी! खुंटी वर ओढा! तुमच्याजवळची खुंटी!"

भागूबाईंची मान हलली. हात वर आला, काचेवरून घसरला, पुन्हा वर आला. दोन बोटांच्या नखांत त्यांनी ते टोक धरलं. सुटलं. "ओढा, मावशी, ओढा!" पुन्हा धरलं, आणि आयुष्यभर जात्याचा खुंटा फिरवलेल्या त्या बोटांनी ते वर खेचलं. टक्.

सरांनी हँडल ओढलं तसं दार उघडलं आणि तोंडावर भट्टीसारखी वाफ आली.

दोघांनी मिळून त्यांना कडुनिंबाखाली आणलं. हन्नाबाईंनी ओलं फडकं मानेवर ठेवलं, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. सर नाडीवर बोट ठेवून बसले होते. ठोके जोरात पडत होते. त्यांतले भागूबाईंचे कुठले आणि आपले कुठले हे त्यांना कळेना. गावातले डॉक्टर आले, तपासलं, सलाईन लावली आणि म्हणाले की अजून थोडा वेळ गेला असता तर मी येऊन उपयोग नव्हता. हे त्यांनी सहज म्हटलं. सर उठून शेडमागे गेले आणि ओकले.

कल्याणराव आले ते काच बघतच. "आरं, ह्ये काय केलं राजवाड्याचं?" मग आई दिसली, सलाईन दिसली, आणि स्कूटर स्टँडला न लागताच आडवी झाली.

"माझी चूक," सर म्हणाले. "मावशींनी सकाळीच सांगितलं होतं. मला कळलं नाही, आणि मी विचारलं नाही. उन्हात गाडीही मीच लावली."

कल्याणराव काहीतरी मोठं बोलणार होते. तोंड उघडलंही होतं.

"तू गप रं," भागूबाई पडल्या पडल्या म्हणाल्या. "तुला तर म्या महिनाभर सांगतीया. तू म्हनला, आय, तुला गाडीतलं काय कळतंय. मास्तरांनी निदान लिहून तरी घेतलं."

कुणी हसलं नाही. पण कल्याणराव खाली बसले आणि आईचे पाय दाबू लागले.

वीज जायचं ठिकाण मग अर्ध्या तासात सापडलं, कारण आता काय शोधायचं ते माहीत होतं. जाळी पडलेल्या काचेच्या बाजूचा गालिचा उचलला. खाली अर्थिंगची जाड वायर पत्र्याला जिथं आवळलेली होती, तिथला नट हिरवा पडून सैल झाला होता. तापला की सुटायचा, गार झाला की धरायचा. सरांनी तो घासला, आवळला. मागच्या दोन्ही दारांचे चाइल्ड लॉक काढले. इंजिन सुरू झालं, गार हवा आली.

"झालं ना?" कल्याणराव म्हणाले. "उद्या नेतो मग आईला."

"अजून नाही."

उन्हं अजून कडक होती. सरांनी गाडी पुन्हा अंगणाच्या मध्यात आणली आणि किल्ली तशीच ठेवून स्वतः मागच्या सीटवर, भागूबाई बसल्या होत्या तिथंच बसले.

"अहो, कशाला?" हन्नाबाई म्हणाल्या.

"बावीस मिनिटांनी गेली होती. मी चाळीस बसतो." त्यांनी दार ओढून घेतलं.

आत शांत होतं, गार होतं. तरी त्यांच्या पाठीतून घामाची धार उतरत होती. त्यांनी उजवा हात वर नेला आणि ती काळी खुंटी दोन बोटांत धरली. अठरा मिनिटं. एकोणीस. बाहेर कडुनिंबाखाली भागूबाई हात टेकून उठून बसल्या होत्या, सलाईनची नळी सांभाळत. काचेतून त्या काहीतरी सांगत होत्या, ऐकू येत नव्हतं. पण दोन बोटं चिमटीसारखी धरून त्या हवेत वर ओढून दाखवत होत्या.

सरांनी मान डोलावली. या वेळी त्यांना कळलं होतं. बावीस. तेवीस. त्यांनी खुंटी आणखी घट्ट धरली.